म्हणायचे गाणे, ऐकायचे गाणे

यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांत भजन सहसा ‘गात’ नाहीत, ‘म्हणतात’. माणूस भजनाला ‘बसतो’, टाळ ‘घेतो’, चाल ‘धरतो’. मैफलीच्या भाषेतले ‘सादर करणे’ इथे फारसे ऐकू येत नाही. क्रियापदांमधला हा फरक गाण्याच्या जातीतलाच फरक आहे. मैफलीत एकजण गातो आणि बाकीचे ऐकतात. भजनात बसलेला प्रत्येकजण आवाज लावतो. त्याच्यासमोर जो असतो तोही भजनकरीच असतो.

जिल्ह्यात अशा गाण्याचे दोन ठळक प्रवाह आहेत. पहिला वारकऱ्यांचा : टाळ, मृदंग आणि वीणा, नामसप्ताह, आणि कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटेचा काकडा. दुसरा खंजिरी भजनाचा. तो राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे विदर्भभर पसरला. त्यांचा जन्म १९०९ साली शेजारच्या अमरावती जिल्ह्यात यावली इथे झाला आणि १९३५ साली त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. लाकडी कड्यावर एका बाजूने ताणलेले कातडे आणि कड्याच्या खाचांमध्ये पितळी चकत्या, एवढीच ही खंजिरी. एका हातात मावते आणि चालता चालताही वाजवता येते. या वाद्याच्या साथीने त्यांनी मराठी आणि हिंदी भजनांतून ग्रामसफाई, व्यसनमुक्ती, जातिभेद हे विषय गावोगाव नेले. १९४२च्या आंदोलनात त्यांना अटक होऊन नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आले. त्यांच्या ग्रामगीतेच्या ४१ अध्यायांमध्ये सामुदायिक प्रार्थनेला आणि भजनाला स्वतंत्र अध्याय आहेत. या दोन प्रवाहांखेरीज पुसद, दिग्रसकडच्या बंजारा तांड्यांवर नगारा आणि थाळीच्या ठेक्यावर गोरबोलीत भजने होतात. बौद्ध वस्त्यांमध्ये बुद्ध-भीमगीते म्हटली जातात. पंथ वेगळे असले तरी रीत सारखीच आहे : एकाने उचलायचे आणि सगळ्यांनी धरायचे.

या रीतीचे एक दूरचे भावंड अमेरिकेत आहे. तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांत, विशेषतः जॉर्जिया आणि अलाबामात, ‘शेप नोट’ म्हणजे आकारलिपीतले समूहगान चालते. त्यात स्वर कागदावर त्रिकोण, वर्तुळ, चौकोन अशा आकारांनी दाखवतात. तिथेही श्रोता नसतो, रंगीत तालीम नसते आणि तिकीटही नसते. तरीही दोन शतके लोक त्यासाठी जमत आले आहेत. अशा गाण्यात माणसाला धरून ठेवणारे काय असते, यावर दोन मते आहेत. एक मत संगीत शिकवणाऱ्याचे, दुसरे भजन चालवणाऱ्याचे. पुढच्या संवादातले संगीतशिक्षक आणि भजनीबुवा ही त्या दोन मतांची तोंडे आहेत.

बैठक

वारकरी भजनात टाळकरी समोरासमोर दोन रांगा करतात. विणेकरी आणि मृदंगवाला मध्ये असतात. खंजिरी भजनात मुख्य भजनकरी, पेटी आणि तबला किंवा ढोलकीवाला यांच्याभोवती बाकीचे अर्धगोल करून बसतात. आकारलिपीच्या गाण्यात चार आवाजांच्या चार बाजू करून मोकळा चौकोन आखतात. सगळ्यांची तोंडे आत असतात. ज्याची पाळी असेल तो मधोमध उभा राहून हात वरखाली करत ताल देतो आणि आपले गाणे झाले की जागेवर परत जातो. मग दुसरा येतो.

संगीतशिक्षक : बुवा, बसण्याची ही पद्धत गाण्याच्या दृष्टीने अडचणीची आहे. पाठ बाहेर आणि तोंड आत असेल तर बाहेरच्याला शब्दही नीट कळत नाहीत. ध्वनिक्षेपक लावला तर टाळांपुढे आवाज बुडतो. ऐकणाऱ्याचा विचारच यात कुठे दिसत नाही.

भजनीबुवा : बाहेर बसाचंच काहून जी? आत या. आमच्याकडे भजन आयकाले कोनी येत नाही, म्हनाले येते. दोन रांगाइच्या मधात एकडाव उभं राहून पाहा. दोन्हीकडून आवाज येते, पायाखालची सतरंजी हालल्यासारखी वाटते. ते बाहेर लाउडस्पीकरवर भेटत नाही.

संगीतशिक्षक : म्हणजे अनुभव मधल्या माणसाला, आणि बाकीच्यांना गोंगाट.

भजनीबुवा : मधला मानूस बदलत राहते ना. आज त्याची पाळी, उद्या याची.

बुवांच्या म्हणण्याला ध्वनीचा आधार आहे. तोंडे आत वळवून केलेल्या चौकोनात किंवा रांगांमध्ये प्रत्येकाला समोरच्याचा आवाज थेट मिळतो, त्यामुळे ताल धरणे सोपे जाते आणि कच्चा गळाही पक्क्याच्या आधाराने चालतो. अमेरिकेतल्या चौकोनात तर मधली जागा सर्वांत मोलाची मानतात. चारही आवाज तिथे सारख्या जोराने पोचतात आणि ती जागा एका गाण्यापुरती कोणालाही मिळते.

चाल, वही आणि आकार

भजनी मंडळाची खरी मालमत्ता म्हणजे वही. जाड पुठ्ठ्याची, तेलकट बोटांनी काळवंडलेल्या कडांची, हाताने लिहिलेली. प्रत्येक भजनाच्या डोक्यावर कंसात ‘चाल’ किंवा ‘तर्ज’ असे लिहून एखाद्या जुन्या भजनाचे, कधी सिनेमातल्या गाण्याचे पहिले शब्द दिलेले असतात. शब्द वहीत असतात, स्वर मात्र नसतात. ज्याला ती चाल ठाऊक आहे त्याला एवढी खूण पुरते.

संगीतशिक्षक : आणि ज्याला ठाऊक नाही त्याला ती वही मुकी. नेमके हेच दुखणे अमेरिकेत अठराव्या शतकात होते. लोकांना स्तोत्रांचे शब्द येत, स्वर वाचता येत नसत. मग गावोगाव फिरणारे गायनमास्तर आले, काही आठवड्यांच्या शाळा भरवू लागले. १८०१ साली विल्यम लिटल आणि विल्यम स्मिथ यांच्या पुस्तकात आकारांची युक्ती आली. फा त्रिकोण, सोल वर्तुळ, ला चौकोन, मी चौकट.

भजनीबुवा : चारच? सूर तर सात हायेत.

संगीतशिक्षक : तीच त्यातली गंमत आहे. आपल्या शुद्ध स्वरांत मांडायचे तर सा आणि म दोन्ही फा, रे आणि प दोन्ही सोल, ग आणि ध दोन्ही ला. नी एकटा मी. सा-रे-ग मध्ये जेवढी अंतरे आहेत तेवढीच म-प-ध मध्ये. म्हणून त्याच तीन नावांनी दोनदा चढायचे. कागदावर त्रिकोण दिसला की गळ्याने पायरी ओळखायची. आणि ते लोक प्रत्येक गाणे आधी फा-सोल-ला करून म्हणतात, शब्द नंतर.

भजनीबुवा : म्हनजे आधी सरगम, मंग अभंग.

संगीतशिक्षक : अगदी तसेच. आपल्याकडेही पलुस्कर आणि भातखंड्यांनी स्वरलेखन बसवले. पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले ते १९०१ साली, त्या पुस्तकाला बरोबर शंभर वर्षे होताना. पण ती लिपी खंजिरीपर्यंत पोचली नाही. पोचली असती तर आज जुन्या चाली हरवल्या नसत्या.

भजनीबुवा : चाल कागदावर राहिली असती, पन बसली असती का? मी तर टाळ घेऊन मागे बसत होतो, तवा शिकलो. ज्याले सूर नाही त्याच्या हातात पयले टाळ देतो. टाळ देल्ला का तो बसते. बसला का वर्षभरात त्याच्या कानात चाल बसते.

दोघांच्या बोलण्यात शिकवण्याच्या दोन पद्धती समोरासमोर येतात. आकारलिपी डोळ्यातून गळ्यात जाते, चाल कानातून. डोळ्याच्या पद्धतीने कधी न ऐकलेले गाणे म्हणता येते. कानाच्या पद्धतीत ते शक्य नाही, मात्र चालीबरोबर हेल, ठेका आणि कुठे थांबायचे तेही आपोआप येते. आकारलिपीवाल्यांचाही सगळा भार कागदावर नाही. कोणतेही वाद्य नसताना त्यांच्यातला एखादा अनुभवी माणूस जमलेल्या गळ्यांचा अंदाज घेऊन पट्टी सांगतो आणि सगळे तिथून उचलतात. हे काम कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नसते.

शब्द आणि चाल सुटी ठेवण्याची रीत दोन्हीकडे सारखी आहे. अमेरिकेतल्या पुस्तकांत चालीला स्वतःचे नाव असते, ते बहुधा गावाचे किंवा माणसाचे. एकाच चालीवर वेगवेगळी स्तोत्रे बसतात. विल्यम वॉकर यांच्या १८३५च्या संग्रहात एका जुन्या स्तोत्राची ‘न्यू ब्रिटन’ या चालीशी गाठ पडली आणि ‘अमेझिंग ग्रेस’ म्हणून ती जोडी जगभर गेली. मराठीत एकाच चालीवर अभंग, ग्रामसफाईचे भजन आणि भीमगीत अशा तिन्ही गोष्टी चालतात. त्यामुळे नवा विषय आला तरी नवी चाल शिकवावी लागत नाही आणि सगळा गाव पहिल्याच रात्री धृपद धरू शकतो.

सूर की समूह

संगीतशिक्षक : बुवा, स्पष्ट बोलायचे तर मंडळातले निम्मे लोक बेसूर असतात. पेटी काळी चारला असते, एक गळा पांढरी पाचला जातो, तिसरा खर्जात. वर टाळ असे वाजतात की स्वर ऐकूच येऊ नये. भक्तीच्या नावाखाली हे खपून जाते.

भजनीबुवा : खपते म्हनू नका. आमच्यात बी नियम हायेत. टाळ मागं-पुढं झाला तर मृदंगवाला तिथंच डोळे वटारते. चरण चुकला तर बुवा थांबते. पन सुरासाठी कोनाले उठून लावत नाही.

संगीतशिक्षक : ताल सांभाळता, मग सूर का नाही?

भजनीबुवा : ताल मोडला तर सगळ्याइचं भजन मोडते. सूर एकाचा गेला तर त्याचाच जाते, बाकीचे उचलून घेते.

बुवांच्या उत्तरात समूहगानाचे निकष दडलेले आहेत. समूह टिकवण्यासाठी जे लागते ते काटेकोर पाळले जाते : लय, धृपदाची वेळ, चरणांचा क्रम. व्यक्तीच्या गळ्याचा दर्जा मात्र अट म्हणून लावला जात नाही. आकारलिपीच्या गाण्यालाही हेच लागू पडते. तिथला आवाज उघडा, जोरकस आणि विनाकंपाचा असतो. नाजूक गायकी तिथे उपयोगी पडत नाही.

फरकही मोठा आहे. भजनात सगळे एकच चाल म्हणतात, फार तर कोणी वरच्या सप्तकात जातो. आकारलिपीच्या गाण्यात तीन किंवा चार स्वतंत्र ओळी एकाच वेळी चालतात. मुख्य चाल ‘टेनर’ रांगेत असते, पण उरलेल्या रांगांनाही स्वतःची म्हणण्याजोगी चाल दिलेली असते. म्हणून तिथे लिपी आवश्यक ठरली आणि इथे तिच्यावाचून भागले.

संगीतशिक्षकांच्या भूमिकेलाही इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या उत्तरेकडच्या शहरांत लोएल मेसन आणि त्यांच्यासारख्या सुधारकांनी युरोपीय वळणाचे ‘चांगले संगीत’ शाळांत आणि चर्चमध्ये आणले. आकार अडाण्यांचे आणि जुन्या चाली ओबडधोबड ठरल्या. शहरांतून ही रीत गेली, दक्षिणेच्या खेड्यांत उरली. बी. एफ. व्हाइट आणि ई. जे. किंग यांनी १८४४ साली काढलेले ‘द सेक्रेड हार्प’ हे आडव्या आकाराचे पुस्तक वारंवार सुधारून तिथे वापरात राहिले. अलाबामातल्या कृष्णवर्णीय गायकांनी १९३४ साली स्वतःचा ‘कलर्ड सेक्रेड हार्प’ काढला. पुढे हेच गाणे शहरांतल्या तरुणांनी उचलले, आणि आज ते ब्रिटन, आयर्लंड, जर्मनी, पोलंडमध्येही म्हटले जाते. त्यात धर्म न मानणारेही येऊन बसतात.

संगीतशिक्षक : म्हणजे सुधारकांचे सगळेच चुकले असे नाही. त्यांच्यामुळे शाळेत संगीत हा विषय आला.

भजनीबुवा : आला ना. पन शाळेतून निघाल्यावर ते पोट्टे कुठं म्हनतात?

स्पर्धा

विदर्भात खंजिरी भजनाच्या स्पर्धा ठिकठिकाणी भरतात. पुरुष, महिला, बाल असे गट केले जातात. वेळ ठरलेला असतो, परीक्षक बसतात, स्वर, ताल, उच्चार यांना गुण असतात. मंचावर मंडळे एकसारखा पोशाख करून येतात. खंजिरीचे कसबही वाढले. अकोटजवळच्या सिरसोलीचे सत्यपाल महाराज एका वेळी सात खंजिऱ्या वाजवत प्रबोधन करतात आणि त्यांचे नाव महाराष्ट्रभर झाले आहे.

संगीतशिक्षक : या स्पर्धांमुळेच तरुण पोरे पेटी शिकायला आली. महिला मंडळे मंचावर आली. एरवी बायकांचे भजन दुपारी एखाद्याच्या ओसरीवर व्हायचे आणि तिथेच संपायचे. परीक्षक चूक दाखवतो म्हणून पुढच्या वर्षी मंडळ सुधारून येते. श्रोता असणे वाईट नाही, बुवा. श्रोत्यापुढे माणूस जपून गातो.

भजनीबुवा : बायाइचं खरं हाये. त्या मंचावर आल्या ते चांगलं झालं. पन स्पर्धेले जायाचं ठरलं का पयले कोनाले न्यायचं नाही, ते ठरते. पंधरा जनाइचं मंडळ, जातात आठ. राहिलेले सात मंग आठवड्याच्या भजनाले बी येत नाही. बक्षीस आलं, रांग गेली.

संगीतशिक्षक : मग स्पर्धेत सगळ्या मंडळाला प्रवेश द्या, संख्येची अट काढा.

भजनीबुवा : तसं केलं तर माझं काही म्हननं नाही.

इथे दोन मतांमधले अंतर कमी होते, पण मिटत नाही. स्पर्धा भजनाला ऐकण्याचे गाणे बनवते. त्यातून कौशल्य वाढते आणि त्याच वेळी साधारण गळ्याचा माणूस श्रोत्यांत जाऊन बसतो. आकारलिपीच्या मेळाव्यांमध्ये हा प्रश्न मुळातच येऊ दिलेला नाही. तिथे गुण नसतात, निकाल नसतो, आणि नवखा माणूस आला तरी त्याच्या हातात पुस्तक देऊन त्याला रांगेत बसवतात.

पंगत आणि निरोप

भजन गाण्यापाशी संपत नाही. सप्ताहाच्या शेवटी काला होतो आणि पंगत बसते. वऱ्हाडात अशा वेळी गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण हा ठरलेला बेत. रोडग्यांची कणीक मळायला, गोवऱ्या रचायला, राख झाडून तुपात बुडवायला जे हात लागतात ते रात्री टाळ वाजवणारेच असतात. अमेरिकेतल्या मेळाव्यातही दुपारी घरोघरून आणलेले जेवण अंगणात लांब टेबलांवर मांडतात आणि जेवून सगळे पुन्हा चौकोनात बसतात.

मरणाच्या प्रसंगी ही साम्ये अधिक जवळ येतात. गावात कोणी गेले तर अंत्ययात्रेपुढे भजनी मंडळ टाळ-मृदंग घेऊन चालते. आकारलिपीच्या वार्षिक मेळाव्यात वर्षभरात गेलेल्यांची नावे वाचून त्यांच्यासाठी गाणी म्हटली जातात.

संगीतशिक्षक : बुवा, इथे मी हरलो. अंत्ययात्रेत कोणी सूर तपासत नाही.

भजनीबुवा : तपासू बी नये. रडता येत नाही ज्याले, तो टाळ वाजवते.

समूहाचा हा अनुभव शब्दांवाचूनही घडतो. तुकडोजी महाराजांचे निधन ११ ऑक्टोबर १९६८ रोजी झाले. पुण्यतिथी महोत्सवात मोझरीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी जमलेला सगळा समुदाय मौन पाळतो. ज्या परंपरेने लोकांना एकत्र म्हणायला शिकवले तिनेच त्यांना एकत्र गप्प राहायलाही शिकवले. सामुदायिक प्रार्थनेची ठरलेली वेळ, सरळ रांगा आणि शांत बसणे या शिस्तीतून ते आलेले आहे.

काय टिकवायचे

संगीतशिक्षक : मग तुमचे मागणे काय? जसे आहे तसेच चालू द्यायचे?

भजनीबुवा : नाही जी. जसं हाये तसं राहतच नाही. कापूस येचाच्या दिवसात मानसं थकून येतात, पोट्टे पुण्याले कामाले गेले, जे उरले त्याइच्या हातात मोबाइल. डीजे आला तर टाळ आयकूच येत नाही. तुम्ही पोराइले सरगम शिकवा, मी नाही म्हनत नाही. पन शिकवून मंचावर नका बसवू, रांगेत बसवा.

संगीतशिक्षक : आणि चाली? ज्या फक्त म्हाताऱ्यांना येतात त्या मला लिहून घेऊ द्या.

भजनीबुवा : लिहा. पन लिहाच्या आधी एक महिना येऊन बसा.

दोन्ही मते एका गोष्टीवर जुळतात : असे गाणे शिकवल्याशिवाय टिकत नाही. जे टिकवायचे ते नेमके काय, यावर मात्र त्यांचे जुळत नाही. संगीतशिक्षकाच्या दृष्टीने ती चाल आहे, बुवांच्या दृष्टीने रांग. अमेरिकेतल्या रीतीने दोन्ही सांभाळले, कारण तिथली लिपीच मुळात साध्या माणसाला रांगेत बसता यावे म्हणून निघाली होती. यवतमाळच्या वहीत स्वर नाहीत. त्यामुळे इथे चाल आणि रांग वेगळ्या काढता येत नाहीत. वहीच्या डोक्यावरचे ‘चाल’ हे दोन अक्षरी टिपण वाचता यायचे तर ती चाल ज्याच्या गळ्यात आहे असा निदान एकजण आठवड्याच्या भजनाला हजर असावा लागतो, आणि त्याच्या मागे टाळ घेऊन बसलेला दुसरा.